थांबासरांची हातोडी

खाली सही करणारा मी, ज्याला घरात आणि घराबाहेर सगळे भिंगऱ्या म्हणतात तो, लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि कुणाच्याही धाकाखाली नसताना लिहितो आहे. माझं वय मृत्युपत्र करायचं नाही हे मला कळतं. पण ज्या माणसाने मला "निघायच्या आधी मृत्युपत्र करून टाक, बरं असतं" असं सांगितलं, त्याच माणसाच्या हातात उद्या माझा दोर असणार आहे. असं सांगणाऱ्याचं ऐकावं, आणि त्याच्यावर डोळाही ठेवावा.

वकिलाने दोन गोष्टी बजावल्या. एक, खाडाखोड केली तर प्रत्येक ठिकाणी शेजारी सही करावी लागते. मला त्याचा कंटाळा. म्हणून लिहिलं ते लिहिलं, मत बदललं तर पुढच्या कलमात तसं कळवीन. दुसरी गोष्ट, ज्याला काही द्यायचं आहे त्याला साक्षीदार करू नये, साक्षीदाराला दिलेलं रद्द होतं. ही दुसरी गोष्ट मला फार आवडली. का ते कलम पाचमध्ये.

कलम १. माझ्या माणसांबद्दल.

माझे आजोबा शाळेत शिपाई होते, तास संपला की घंटा वाजवायचे. त्यांची दोन्ही मुलं विद्यापीठात शिकवायला लागली. मुलगा विज्ञान शाखेत, मुलगी कला शाखेत. मुलगा म्हणजे माझे बाबा, भूगर्भशास्त्राचे अधिव्याख्याते. लागले तेव्हा अधिव्याख्याते आणि गेले तेव्हाही अधिव्याख्याते. मुलगी म्हणजे माझी आत्या, तत्त्वज्ञान शिकवायची, आता निवृत्त आहे. तिच्या मुलाखतीत समितीने तत्त्वज्ञानाबद्दल काहीच विचारलं नव्हतं, लग्नाचा विचार आहे का एवढंच विचारलं. ती म्हणाली, "तुमच्यापैकी कुणाशी नाही." तरी घेतलं, पण पुढे किती तरी वर्षं हंगामी ठेवलं. आई मी लहान असतानाच गेली. मला आत्याने वाढवलं, जितका मी एका जागी सापडलो तितका.

बाबांना विद्यार्थी थांबासर म्हणायचे. कारण कुणी काहीही सांगायला लागलं की ते म्हणत, "थांबा, आधी मोजू या." भाजी घेतानाही तेच. रस्ता ओलांडतानाही तेच. ह्या थांबण्यात त्यांची बढती राहिली असं लोक म्हणतात. मी म्हणतो राहिली नाही, कुणीतरी नेली.

नेणाऱ्याचं नाव खडकसर. हेही विद्यार्थ्यांनीच ठेवलेलं. खडकसर शिंप्याचे चिरंजीव, बाबांच्याच वर्गातले, बाबांच्याच बाकावरचे. दोघं एकाच वर्षी विभागात लागले. मग खडकसर आधी प्रपाठक, मग प्राध्यापक, मग विभागप्रमुख, मग विज्ञान शाखेचे अधिष्ठाता. जिना एकच, पण बाबा पहिल्या पायरीवर उभे राहून मोजत बसले असावेत. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात खडकसरांचा परिचय पानभर आहे. बाबांचा दोन ओळी होता, त्यातली एक म्हणजे पदवी.

मी स्वतः दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. त्यानंतर जहाजावर भांडी घासली, शूटिंगला दिवे धरून उभा राहिलो, उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसल्या. जहाजावरच्या आचाऱ्याबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, त्याला पाण्याची भीती वाटायची, पण वकील म्हणाला विषय सोडू नकोस.

कलम २. घर.

ह्या घरातला बाबांकडून माझ्याकडे आलेला अर्धा हिस्सा आत्याला देण्यात यावा. ती "मला काय करायचाय" म्हणेल. तिचं ऐकू नये.

कलम ३. फिरतं सामान.

तंबू, स्टोव्ह आणि झोपायची पिशवी जो पहिला मागेल त्याला द्यावी. मोटरसायकल गॅरेजवाल्याला द्यायची होती, पण तो साक्षीदार होणार असल्यामुळे देता येत नाही. तशी ती वर्षभर त्याच्याकडेच उघडून पडली आहे, तेव्हा तिची चौकशी कुणी करू नये.

कलम ४. एक जुना हिशेब.

बाबांच्या बढतीचा कागद कुलसचिवांच्या टेबलावर होता. विचारायला गेलं की ते म्हणत, "विचाराधीन आहे." बाबा गेल्यावर मी पुन्हा विचारायला गेलो, तरी म्हणाले, "विचाराधीन आहे." माझं गजराचं घड्याळ कुलसचिवांना देण्यात यावं.

कलम ५. हातोडी.

ही माझी खरी मालमत्ता, म्हणून सविस्तर लिहितो.

भूगर्भशास्त्रातल्या लोकांची एक रीत असते. खडकाचा फोटो काढायचा तर त्यात हातोडी ठेवायची. नुसत्या खडकाच्या फोटोवरून कळत नाही की समोर डोंगर आहे की ढेकूळ. हातोडी ठेवली की मापाचा अंदाज येतो. त्यामुळे आमच्याकडे बाबांचा फोटो जवळजवळ नाही, पण त्यांच्या हातोडीचे पोतंभर आहेत. वाळूत टेकलेली, कड्याला लावलेली, ओढ्यात पहुडलेली. दांड्याला सायकलच्या लाल ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, म्हणून ती कुठेही ओळखू येते.

आता खडकसरांचा तो प्रसिद्ध फोटो घ्या. समुद्रावरच्या एका कड्यात राखेचा थर आहे. फार जुन्या काळी कुठेतरी ज्वालामुखी फुटला, त्याची राख इथवर येऊन साचली. थर जितका जाड, तितका तो स्फोट मोठा. खडकसरांनी थराची जाडी छापली, स्फोट केवढा प्रचंड होता ते सांगितलं, आणि ह्या एका निबंधावर त्यांची प्राध्यापकी, खुर्ची, सत्कार, सगळं उभं राहिलं. तो फोटो मोठा करून विभागाच्या व्हरांड्यात लावला आहे. खाली नाव एकट्या खडकसरांचं. आणि थराला टेकवलेली हातोडी लाल ट्यूबची.

मी शाळेत असताना तो फोटो पाहिला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे की शोध बाबांचा होता. मी आत्याला तसं म्हटलं. आत्या म्हणाली, "ह्यावरून हातोडी तिथे होती एवढंच सिद्ध होतं." तत्त्वज्ञानवाल्यांशी भांडण करता येत नाही, ते भांडणाची व्याख्या विचारतात.

पण मग हे सांगा. बाबा गेले तेव्हा खडकसर भेटायला आले. लोक अशा वेळी काय बोलतात? "धीर धर" म्हणतात, "काही लागलं तर सांग" म्हणतात. खडकसर दारातच म्हणाले, "त्याची हातोडी आहे ना? सांभाळून ठेव. पुढेमागे मला दे." त्यानंतर जेव्हा जेव्हा भेटले तेव्हा तेच. मी जहाजावर होतो तेव्हा फोन करूनसुद्धा तेच. चोराला पुराव्याची जितकी काळजी असते तितकी मालकाला मालाची नसते.

सबब, सदर हातोडी आत्याला देण्यात यावी आणि कोणत्याही कारणाने, कोणत्याही मार्गाने खडकसरांच्या हाती पडू नये. ह्याची पक्की तजवीज म्हणून मी खडकसरांनाच पहिला साक्षीदार करतो आहे. साक्षीदाराला काही मिळत नाही. उद्या आत्याचं मन विरघळलं आणि कुणी म्हणालं की भिंगऱ्याची इच्छा वेगळी होती, तरी कायदा आडवा येईल.

कलम ६. दोराबद्दल, मी परत न आल्यास वाचण्यासाठी.

दुसरीकडच्या काही तरुण संशोधकांनी छापलं आहे की खडकसरांचा आकडा आजूबाजूच्या थरांशी जुळत नाही. खडकसर लवकरच निवृत्त होणार आहेत, सत्काराची तारीख ठरली आहे. अशा वेळी माणूस गप्प बसेल की नाही? हे म्हणतात, पुन्हा जाऊन मोजू. कड्याखालची वाळू आता समुद्राने नेली, खालून जाता येत नाही, म्हणून वरून दोराने कुणीतरी उतरायचं. कुणी? भिंगऱ्याने, कारण त्याने काचा पुसल्या आहेत. वर दोर कोण धरणार? खडकसर. मी लटकून जो आकडा ओरडणार, तो वर वहीत कोण लिहिणार? खडकसर. आणि "येताना बापाची हातोडी घेऊन ये" असं कोणी सांगितलं? वेगळं लिहायला नको.

मी हो म्हटलं, कारण बाबांची जागा मला पाहायची आहे. पण माझं काही बरंवाईट झालं तर दोराची गाठ सुटलेली आहे की सोडलेली आहे हे आधी तपासावं.

(इथे दारावर थाप पडली. पुढचं दुपारनंतर लिहिलं आहे.)

कलम ७. दुपारी काय झालं.

खडकसर आले. खांद्यावर दोर, हातात पिशवी, पिशवीतून त्यांची स्वतःची हातोडी डोकावत होती. आत्याने चहा टाकला.

"काय आत्याबाई, पोराचं मृत्युपत्र करून घेताय?"

"तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी सगळ्यांनाच सांगतो. मीसुद्धा केलंय. आण रे, सही कुठे?"

"सर, आधी वाचा तरी," मी म्हणालो. अर्थात वाचू नये असंच मला वाटत होतं.

"तुझ्याकडे आहे काय वाचण्यासारखं?" असं म्हणून त्यांनी शेवटचं पान ओढलं. ते अजून कोरं होतं, तरी तळाशी झोकात सही ठोकली. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अडकला म्हातारा.

मग ते म्हणाले, "हातोडी बघू."

आता काय, साक्षीदार तर झाले. मी आतून हातोडी आणली आणि टेबलावर ठेवली. ती नेमकी त्यांच्या हातोडीशेजारी ठेवली गेली. दोन्हींची डोकी एका रेषेत. दांडे मात्र नाहीत. बाबांचा दांडा चार बोटं आखूड.

मी ती हातोडी लहानपणापासून पाहतो आहे. हातोडी एवढीच असते असं मला वाटायचं. दुसरी कधी शेजारी ठेवलीच नव्हती.

खडकसर चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले. "हा दांडा कधी कापला त्याने?"

"फार जुनी गोष्ट," आत्या म्हणाली. "कुठेतरी ओढ्यात मोडला होता. ह्याच टेबलाच्या कडेवर ठेवून करवतीने नीट केला. टेबल पण थोडं कापलं, हे बघा. मी ओरडले, तर म्हणाला, थांब, आधी पट्टी गुंडाळू दे."

टेबलाच्या कडेला ती खाच आहे. मी तिच्यात नेहमी पेन ठेवतो.

"लाल पट्टी?" खडकसरांनी विचारलं.

"तीच."

फोटोत पट्टी लाल आहे. म्हणजे फोटोतली हातोडी आधीच आखूड झालेली होती. मला अजून नीट कळलं नव्हतं, पण खडकसरांचा चेहरा त्या थरातल्या राखेसारखा झाला. ते बाबांची हातोडी घेऊन उठले आणि सरळ दाराबाहेर गेले.

मी आत्याकडे पाहिलं. "बघितलंस? म्हटलं नव्हतं मी?" आणि धावलो.

ते पळाले नव्हते. गाडीची डिकी उघडून त्यांनी मोजायची टेप काढली होती आणि हातोडी बॉनेटवर ठेवून मोजत होते. एकदा मोजलं, टेप मिटली, पुन्हा उघडून मोजलं. मग तिथेच गाडीला टेकून म्हणाले, "भिंगऱ्या, तो आकडा मी मोजलेला नाही. फोटोवरून काढला. थर किती हातोड्या उंच आहे ते पाहिलं, आणि हातोडीची लांबी आपल्या नेहमीच्या हातोडीची धरली. माझी समुद्रात पडली होती, म्हणून त्याची लावली. टेप गाडीत राहिली होती आणि भरती आली होती."

"मग परत जायचं होतं."

"तोही हेच म्हणाला. थांब, पुढच्या वर्षी येऊन नीट मोजू. माझ्या मुलाखतीची तारीख त्याआधी होती." ते हसल्यासारखे झाले. "माझा बाप शिंपी. ओळखीचं गिऱ्हाईक आलं तरी दरवेळी नव्याने माप घ्यायचा. माणूस बदलतो म्हणायचा. आणि मी हातोडीचं माप धरून चाललो."

आत्या दारात येऊन उभी होती. मी मुद्द्याचं विचारलं, "आणि बाबांचं नाव का गाळलंत?"

"मी लिहिलं होतं. त्यानेच काढायला लावलं. मोजल्याशिवाय नाव घालणार नाही म्हणाला. नाव नाही तर निदान हातोडी तरी फोटोखाली कपाटात ठेवावी, एवढंच मला..." आणि ते पुन्हा टेप मिटायला लागले.

मला पटलं नाही. बोलायला काय जातं, साक्ष द्यायला बाबा नाहीत. पण आत्या म्हणाली, "खरं आहे. दादाने मला तेव्हाच सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? तू सरळ निकालच घेऊन यायचास."

खडकसर तिला म्हणाले, "पण दांडा आखूड आहे हे त्याने मला सांगायला नको होतं?"

"थांब म्हणाला होता ना तो?"

"आत्याबाई, तो सगळ्यालाच थांब म्हणायचा."



मग आत्या त्यांना आत घेऊन आली आणि म्हणाली, "आता कशावर सही केलीत ते तरी वाचा." त्यांनी हे सगळं वाचलं. कलम पाच दोनदा वाचलं. सहाव्याला म्हणाले, "दोर मी सोडीन असं लिहिलंयस?"

"गाठ तपासावी एवढंच लिहिलंय."

"बरोबर आहे. तपासलीच पाहिजे." कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "उद्या उतरशील तेव्हा टेप आणि ही हातोडी दोन्ही ने. थराला शेजारी शेजारी लाव आणि तूच फोटो काढ. दोन्ही एका फोटोत आली पाहिजेत. मला दाखवायच्या आधी आत्याला पाठव."

"सर, आकडा लहान निघेल."

"निघेलच."

"सत्कार?"

"सत्कारात तोच फोटो लावू. व्हरांड्यातला उतरवून." चहा थंड झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. "माझ्या आकड्यावर पोरांनी पदव्या घेतल्यात, भिंगऱ्या. तुझ्या बापाने नाव घातलं नाही ते बरं केलं."

कलम ८. कलम पाचबद्दल मत बदललं ते.

ते गेल्यापासून मी विचार करतो आहे आणि मला आता बाबांचाच संशय येतो आहे. हातोडी त्यांची, करवत त्यांची, मोजण्याचं वेड त्यांचं. दांडा किती आखूड आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. निबंध छापून आला, गाजला, फोटो व्हरांड्यात लागला, आणि बाबा रोज त्याच्याखालून वर्गावर गेले. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा फोटोपाशी ते थोडे हसायचे. मला वाटायचं, दुःखाने हसतात. दोस्ताची खुर्ची जाऊ नये म्हणून गप्प बसले की दोस्त आपणहून मोजायला कधी जातो ते बघत बसले? दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमू शकतात, असं आत्या म्हणते. माझा दोन्हींवर विश्वास बसत नाही आणि दोन्ही सोडवतही नाहीत.

एक मात्र कळलं. बाबा वाट पाहत होते असं धरलं, तर जो माणूस उद्या मोजायला निघाला आहे त्याचीच पाहत होते.

सबब, कलम पाचमधली तजवीज रद्द समजावी. माझं काही झाल्यास सदर हातोडी खडकसरांना देण्यात यावी. त्यांनी ती फोटोखालच्या कपाटात ठेवावी आणि शेजारी तिची खरी लांबी लिहावी. दांडा बदलू नये. नीटनेटका करण्याच्या नादात कुणी नवा बसवला तर हातोडी आत्याकडे परत यावी.

कलम सहामधला दोर मी रद्द करत नाही. दोर खडकसरच धरतील, पण त्याआधी तो खडकाला मी माझ्या हाताने बांधीन. ह्यात त्यांच्यावर अविश्वास नाही. थांबासरांचा मुलगा आहे.

हे मृत्युपत्र आत्याच्या स्वयंपाकघरात, खाच पडलेल्या टेबलावर, कड्याकडे निघायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळचे दिवे लागायच्या आत पुरं केलं.

सही: भिंगऱ्या

माझ्यासमोर सही केलेले साक्षीदार:

एक. गॅरेजवाला. (मोटरसायकलबद्दल काहीही कबूल न करता.)

दोन. कोपऱ्यावरची झेरॉक्सवाली. (सगळं वाचून, तीन प्रश्न विचारून मगच सही केली. बाबांना आवडली असती.)

टीप: पानाच्या तळाशी सर्वांत आधी केलेली एक सही खोडलेली दिसेल. ती खडकसरांची आहे आणि खरी आहे. ह्या संपूर्ण मृत्युपत्रातली ही एकच खाडाखोड, आणि तिच्या शेजारी मी नियमाप्रमाणे सही केली आहे. त्यांना साक्षीदार म्हणून काढलं आहे, कारण आता त्यांना काहीतरी द्यायचं आहे.